मुली मैदानावर आहेत, मग शिट्टी कोणाच्या हातात? महिला प्रशिक्षक इतक्या कमी का, समजून घ्या

१९ जानेवारी २०२५. दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकाची अंतिम लढत सुरू होती. भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि विश्वचषक जिंकला. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. याच संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती.

धाराशिवकरांना याचं फार आश्चर्य वाटलं नाही. गेली अनेक वर्षं या जिल्ह्यातून मुली खो-खो खेळत राज्याच्या आणि देशाच्या संघात जात आहेत. केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या, दुष्काळासाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात मुली खेळतात, जिंकतात. हे आता सिद्ध करायची गरज उरलेली नाही.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. या मुली खेळायच्या थांबल्या की त्यांचं काय होतं? त्यातल्या किती जणी दुसऱ्या दिवशी हातात शिट्टी घेऊन, 'मॅडम' किंवा 'ताई' म्हणून त्याच मैदानावर परत येतात?

हा प्रश्न फक्त धाराशिवचा किंवा फक्त खो-खोचा नाही. महिला खेळाडूंना जगात सर्वाधिक पैसा मिळवून देणाऱ्या खेळांपैकी एक म्हणजे टेनिस. तिथेही महिला प्रशिक्षक वाढवण्यासाठी खास कार्यक्रम चालवावे लागत आहेत. असं का होतं, कुठे काय केलं जातंय आणि आपल्या जिल्ह्यात काय करता येईल, ते समजून घेऊया.

थोडक्यात सांगायचं तर

- खेळाडू म्हणून मुलींची संख्या वाढली, पण प्रशिक्षक म्हणून त्या प्रमाणात वाढली नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षकांपैकी महिला होत्या साधारण १३ टक्के.
- कारण आवड कमी असणं हे नाही. खेळ थांबतो त्या वयात प्रमाणपत्र, मानधन आणि पहिली संधी, तिन्ही हाताशी नसतात.
- नेमबाजीत महाराष्ट्राच्या महिला प्रशिक्षकांनी ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक पदकं मिळवून दिली आहेत. म्हणजे वाट मिळाली की त्या पोहोचतात.
- धाराशिवसारख्या जिल्ह्यात अनुभवी खेळाडू मुली आहेतच. त्या मैदान सोडून जाण्याआधी त्यांना प्रशिक्षणाकडे वळवणं, एवढाच दुवा जोडायचा आहे.

धाराशिवमध्ये मुलींचा खो-खो इतका का रुजला?

खो-खोला फार काही लागत नाही. २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद मोकळी जागा, दोन खांब आणि आखायला फक्की. बूट नसले तरी सुरुवात होते. शेतमजुरी, ऊसतोड आणि कोरडवाहू शेती करणाऱ्या घरांतल्या मुलींना परवडेल असा हा खेळ आहे.

पण फक्त स्वस्त आहे म्हणून खेळ रुजत नाही. रोज संध्याकाळी मैदानावर उभं राहणारं माणूस लागतं. धाराशिवमध्ये चंद्रजित जाधव यांच्यासारखे प्रशिक्षक वर्षानुवर्षं ते काम करत आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुरुष आणि महिलांची ५५ वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाही याच शहरात भरली, तेव्हा त्याचं नाव उस्मानाबाद होतं.

या मैदानावरचं सर्वात मोठं नाव म्हणजे सारिका काळे. २०१६ च्या गुवाहाटी दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. तब्बल २२ वर्षांनी खो-खोच्या वाट्याला हा पुरस्कार आला होता.

पुरस्कार जाहीर झाल्यावर तिने दिलेल्या मुलाखती अनेकांनी वाचल्या असतील. घरच्या परिस्थितीमुळे जवळपास दहा वर्षं दिवसातून एकदाच जेवून काढली, असं तिने सांगितलं होतं. २०१६ मध्ये तर घरच्या ओढाताणीमुळे खेळ सोडायचं तिने जवळपास ठरवलंच होतं. प्रशिक्षकांनी समजूत घातली आणि ती परतली.

आणि नंतर? सारिकाला तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून सरकारी नोकरी मिळाली. म्हणजे खेळाडू म्हणून घडलेली मुलगी खेळाच्याच व्यवस्थेत राहिली. तालुक्यातल्या शाळकरी मुलींना 'क्रीडा अधिकारी मॅडम' म्हणून आपल्याच मातीतली अर्जुन पुरस्कार विजेती दिसते, ही साधी गोष्ट नाही.

पण अर्जुन पुरस्कार एखादीलाच मिळतो. जिल्हा, विभाग, राज्य पातळीवर आठ-दहा वर्षं खेळलेल्या बाकीच्या मुलींचं काय? खो-खो त्यांनाही तितकाच कळतो. त्यांच्यासाठी अशी ठरलेली वाट दिसत नाही.

जगाचे आकडे काय सांगतात?

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि महिला खेळाडूंसाठी समान जागा ठेवल्या होत्या. प्रशिक्षकांचं चित्र मात्र फार वेगळं आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या आकड्यांनुसार २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षकांपैकी सुमारे ११ टक्के महिला होत्या. टोकियोत तो आकडा साधारण १३ टक्क्यांवर गेला. ही तफावत पाहून समितीने महिला प्रशिक्षकांना वरच्या पातळीसाठी तयार करणारा खास उपक्रमही सुरू केला.

अनेकांना वाटतं, 'मुली जास्त खेळायला लागल्या की महिला प्रशिक्षक आपोआप वाढतील.' अमेरिकेचा अनुभव नेमका उलटा आहे.

तिथे १९७२ मध्ये 'टायटल नाइन' नावाचा कायदा आला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करायला या कायद्याने बंदी केली आणि कॉलेजांत मुलींच्या खेळावर पैसा येऊ लागला. खेळणाऱ्या मुलींची संख्या कितीतरी पटींनी वाढली. पण कायदा आला तेव्हा मुलींच्या कॉलेज संघांपैकी ९० टक्क्यांहून जास्त संघांना महिला प्रशिक्षक होत्या. पुढच्या काही दशकांत हे प्रमाण निम्म्याहून खाली, ४० टक्क्यांच्या आसपास आलं.

कारण सोपं आहे. काम बिनपगारी किंवा तुटपुंज्या पगाराचं होतं तोवर बायका ते करत होत्या. पगार आला, प्रतिष्ठा आली, तसे अर्ज करणारे पुरुष वाढले. निवड करणारेही बहुतेक पुरुषच होते. मुलींच्या संघांचे दरवाजे पुरुष प्रशिक्षकांना उघडले, पण मुलांच्या संघांचे दरवाजे महिलांना उघडले नाहीत.

यातला धडा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. खो-खोत आता पैसा येतोय. २०२२ मध्ये पुण्यात 'अल्टिमेट खो-खो' लीग सुरू झाली. दुसरा हंगाम कटकला झाला. पण हे दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे होते. खेळात पैसा आला की महिलांची जागा आपोआप तयार होत नाही, ती ठरवून ठेवावी लागते.

टेनिसमध्ये काय चाललंय?

टेनिसमध्ये चारही ग्रँडस्लॅम स्पर्धांत पुरुष आणि महिलांना समान बक्षीस मिळतं. तरीही महिलांच्या सर्किटवर, म्हणजे डब्ल्यूटीए टूरवर, खेळाडूंसोबत फिरणारे प्रशिक्षक बहुतांशी पुरुषच असतात.

टूरवरच्या प्रशिक्षकाचं आयुष्य वर्षातले अनेक महिने सुटकेसवर चालतं. आज मेलबर्न, पुढच्या महिन्यात दुबई. घरी लहान मूल असलेल्या स्त्रीसाठी हे अवघड आणि पुरुषासाठी तितकं अवघड का नाही, याचं उत्तर तुम्हाला माहीत आहेच.

दुसरा मुद्दा विश्वासाचा. २०१४ मध्ये अँडी मरेने माजी अव्वल खेळाडू अमेली मोरेस्मोला प्रशिक्षक म्हणून नेमलं. अव्वल पुरुष खेळाडूने महिला प्रशिक्षक घेतली म्हणून मोठी चर्चा झाली. २०१५ मध्ये मरे ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि क्ले कोर्टवरची पहिली विजेतेपदं त्याने म्युनिक आणि माद्रिदला जिंकली. तरीही तो हरला की बोट मोरेस्मोकडे दाखवलं जायचं. आधीच्या कोणत्याही प्रशिक्षकाला असा दोष दिला गेला नव्हता, हे मरेने पुढे स्वतःच सांगितलं. त्याची पहिली प्रशिक्षक कोण होती? त्याची आई, ज्युडी मरे.

यावर टेनिसने शोधलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. डब्ल्यूटीएच्या 'कोच इन्क्लुजन प्रोग्रॅम'मध्ये नव्या महिला प्रशिक्षकांना टूरवरच्या अनुभवी प्रशिक्षकांसोबत स्पर्धेच्या ठिकाणी राहून काम बघायला आणि शिकायला मिळतं. ब्रिटनमध्ये ज्युडी मरेने टेनिस संघटनेबरोबर 'शी रॅलीज' हा उपक्रम सुरू केला. त्यात आधी गावोगावच्या महिलांना तयार करायचं आणि मग त्यांनी आपल्या भागातल्या मुलींना मैदानावर आणायचं, अशी रचना आहे. दोन्हींत एक गोष्ट समान आहे. 'महिलांनी अर्ज करावेत' एवढं आवाहन करून हे उपक्रम थांबत नाहीत. ते आधी बाईला शोधतात, शिकवतात आणि मग काम देतात.

महाराष्ट्रात टेनिस खेळणाऱ्या महिलांची परंपरा जुनी आहे. १९३४ मध्ये विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरलेली लीला राव मुंबईची. तिची आई, संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव, स्वतः टेनिस खेळायच्या. अलीकडचं उदाहरण श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेचं. तिने २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं.

प्रशिक्षणातही नावं दिसू लागली आहेत. अंकिता भांब्री आणि शालिनी ठाकूर चावला यांनी भारतीय महिला संघाचं कर्णधारपद सांभाळलं. टेनिसच्या सांघिक स्पर्धेत कर्णधार कोर्टवर खेळत नाही, तो बाजूला बसून डावपेच ठरवतो. २०२५ मध्ये पुण्यात झालेल्या बिली जीन किंग कप स्पर्धेत भारतीय संघाच्या प्रशिक्षक होत्या पुण्याच्या माजी खेळाडू राधिका तुळपुळे-कानिटकर. २०२२ मध्ये विम्बल्डनच्या १४ वर्षांखालील स्पर्धेत खेळलेली कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव हिला घडवणाऱ्यांत अर्शद देसाई यांच्यासोबत मनाल देसाईही आहेत.

तरी यातली बहुतेक नावं पुणे, कोल्हापूर, दिल्लीसारख्या शहरांतली आहेत. टेनिसला कोर्ट लागतं, रॅकेट लागते, भरपूर चेंडू लागतात. त्यामुळे धाराशिवपर्यंत तो खेळ खो-खोसारखा पोहोचला नाही. पण टेनिसने शोधलेले उपाय खो-खोला वापरता येतात.

मग महिला प्रशिक्षक कमी का?

१. वयाचा पेच. बहुतेक मुली २२ ते २५ या वयात स्पर्धात्मक खेळातून बाहेर पडतात. नेमका तोच काळ पदवी, लग्न आणि गाव बदलण्याचा. मुलगा खेळायचा थांबला तरी गावातच असतो, संध्याकाळी मैदानावर येतो, लहान मुलांना शिकवता शिकवता प्रशिक्षक होतो. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात जाते. तिथल्या मैदानावर तिला कोणी ओळखत नसतं.

२. प्रमाणपत्राचं अंतर. देशात प्रशिक्षक घडवणारी मुख्य सरकारी संस्था म्हणजे पतियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था, सगळे जिला 'एनआयएस' म्हणतात. धाराशिवहून पतियाळा रस्त्याने दीड हजार किलोमीटरहून जास्त दूर. पूर्ण डिप्लोमा करायचा तर अनेक महिने घराबाहेर राहावं लागतं. खर्चाचा प्रश्न वेगळाच.

३. मानधन आणि वेळ. गावातलं प्रशिक्षण चालतं पहाटे आणि संध्याकाळी. म्हणजे बरोबर स्वयंपाकाच्या आणि मुलांच्या अभ्यासाच्या वेळेला. त्या बदल्यात मिळणारं मानधन अनेकदा इतकं कमी असतं की 'त्यापेक्षा घरीच थांब' असं घरचे म्हणतात.

४. बाळंतपण. कायद्याने २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळते. पण हा कायदा साधारणपणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो. चार-पाच जणांच्या अकादमीत शिकवणाऱ्या बाईला त्याचा उपयोग नाही. तिच्यासाठी बाळंतपण म्हणजे काम सुटणं.

५. कोणी विचारतच नाही. हे सर्वात साधं आणि सर्वात कमी बोललं जाणारं कारण. संघाला मदतनीस हवा असला की सर आपल्या जुन्या विद्यार्थ्याला हाक मारतात. विद्यार्थिनीला नाही. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही. ती डोळ्यांसमोर नसते, म्हणून आठवत नाही.

महिला प्रशिक्षक असल्याने फरक काय पडतो?

एक गोष्ट आधी स्पष्ट करूया. पुरुष प्रशिक्षक मुलींना चांगलं शिकवू शकत नाहीत, असा याचा अर्थ अजिबात नाही. धाराशिवच्या मुली पुरुष प्रशिक्षकांनीच घडवल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत एकदिवसीय क्रिकेट विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक मुंबईचे अमोल मुझुमदार होते. फरक कौशल्याचा नसून पुढच्या तीन गोष्टींचा आहे.

पहिली, टिकून राहणं. पाळी सुरू झाली की अनेक मुली मैदानावर यायच्या बंद होतात. पोट दुखतंय, डाग पडेल, कपडे बदलायला जागा नाही, हे सरांना कसं सांगायचं? मुलगी काही न सांगता चार दिवस गैरहजर राहते, मग आठवडा, मग कायमची. समोर ताई असेल तर हा विषय दोन वाक्यांत संपतो. घरच्यांची भीतीही कमी होते. 'बाहेरगावी स्पर्धेला मॅडम सोबत आहेत' या एका वाक्यावर किती तरी वडिलांचा होकार अवलंबून असतो.

दुसरी, सुरक्षितता. जून २०२२ मध्ये एका महिला सायकलपटूने परदेशातल्या सरावादरम्यान राष्ट्रीय प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली. त्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने, म्हणजे 'साई'ने, राष्ट्रीय महासंघांना सूचना केली की महिला खेळाडू असलेल्या शिबिरात आणि दौऱ्यावर महिला प्रशिक्षक असलीच पाहिजे. आता अडचण अशी की नियम पाळायचा तर तेवढ्या पात्र महिला प्रशिक्षक हव्यात. त्या तालुक्यात तयार झाल्या नाहीत तर राष्ट्रीय शिबिरात कुठून येणार?

हेही माहीत असू द्या की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणच्या तक्रारीसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते.

तिसरी, 'हे मलाही जमेल' हा विश्वास. मैदानावर शिकवणारी बाई रोज दिसली तर खेळ हा चार वर्षांचा छंद नाही, पुढे कामही होऊ शकतं, हे मुलीला आणि तिच्या आईला कळतं.

महिला प्रशिक्षक पदकं मिळवून देतात का?

हो. आणि ते बघायला फार लांब जायला नको.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकलं. त्याच्या प्रशिक्षक आहेत मुंबईच्या दीपाली देशपांडे. त्या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळल्या होत्या. पॅरिसनंतर त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. इथे लक्षात घ्या, बाई प्रशिक्षक आणि पुरुष खेळाडू.

दुसरं नाव सुमा शिरूर. याही ऑलिंपिक खेळलेल्या नेमबाज. त्यांच्या मार्गदर्शनाखाली अवनी लेखराने टोकियो आणि पॅरिस अशा सलग दोन पॅरालिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं. शिरूर यांनाही द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आहे.

नेमबाजीत हे का जमलं? या खेळात कारकीर्द लांब चालते, त्यामुळे खेळाडू एकदम 'नाहीशी' होत नाही. खेळत असतानाच किंवा खेळ थांबताच शिकवण्याची जबाबदारी मिळण्याची शक्यता जास्त असते. म्हणजे खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्यात मोठी पोकळी पडत नाही. खो-खोत आणि टेनिसमध्ये नेमकी ती पोकळी भरायची आहे.

प्रशिक्षक व्हायचं असेल तर वाट कोणती?

तुम्ही किंवा तुमच्या ओळखीची कोणी मुलगी खेळाडू असेल, तर हे पर्याय बघा.

- एनआयएसचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स. वर्षभर घर सोडणं शक्य नसेल तर सुरुवातीला हा बरा. कोणत्या वर्षी कोणते खेळ आणि पात्रता काय, हे दरवर्षीच्या जाहिरातीत बघा.
- एनआयएस डिप्लोमा. पदवी आणि खेळातली कामगिरी लागते. सरकारी प्रशिक्षक पदासाठी या डिप्लोमाला मोठं वजन आहे.
- बी.पी.एड. दोन वर्षांची शारीरिक शिक्षणाची पदवी. शाळेत क्रीडाशिक्षिका व्हायचं असेल किंवा क्रीडा विभागातल्या पदांकडे जायचं असेल तर ही उपयोगी.
- टेनिससाठी आयटीएफचे कोर्स. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची 'प्ले टेनिस', मग लेव्हल वन, टू, थ्री अशी शिडी आहे. भारतात अखिल भारतीय टेनिस संघटनेमार्फत हे कोर्स होतात.
- खेलो इंडिया केंद्र. जिल्हा पातळीवरच्या या केंद्रांत माजी खेळाडूला प्रशिक्षक म्हणून नेमलं जातं. केंद्राला सुरुवातीला एकदा ५ लाख रुपये आणि नंतर दरवर्षी ५ लाख रुपये मिळतात. त्यातून प्रशिक्षकाचं मानधन, साहित्य आणि स्पर्धांचा खर्च भागवायचा असतो.
- खेळाडू आरक्षण. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. स्पर्धेची प्रमाणपत्रं जपून ठेवा आणि त्यांची पडताळणी वेळेत करून घ्या.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात लगेच काय करता येईल?

जिल्ह्यात आठ तालुके आहेत: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी. प्रत्येक तालुक्यात राज्य पातळीपर्यंत खेळलेल्या दोन मुली शोधल्या तरी सोळा नावं होतात. त्यासाठी नवीन स्टेडियम लागत नाही. लागतात पुढच्या गोष्टी.

खेळ थांबायच्या आधी शिट्टी द्या. अठरा-एकोणीस वर्षांच्या खेळाडूला आठवड्यातून दोन दिवस लहान गटाचा सराव घ्यायला सांगा. ती शिकवायला लागेल, पालक तिला ओळखायला लागतील. लग्न होऊन गाव बदललं तरी 'मला शिकवता येतं' हा अनुभव तिच्यासोबत जाईल.

फुकट राबवू नका. 'अनुभव मिळेल' म्हणून विनामानधन काम करून घेतलं तर घरचा पाठिंबा महिन्याभरात संपतो. रक्कम छोटी असली तरी ठरलेली हवी आणि दर महिन्याला हातात पडली पाहिजे. शाळा, मंडळं, ग्रामपंचायत आणि गावातले देणगीदार मिळून एका प्रशिक्षिकेचं मानधन उचलू शकतात.

कोर्सचा खर्च उचला. विजेत्या संघाचा सत्कार, हार, बॅनर यांवर आपण सहज खर्च करतो. एका सत्काराच्या खर्चात एखाद्या मुलीचं पतियाळाचं रेल्वे तिकीट निघू शकतं.

वेळ आणि जागा बदला. सराव शाळा सुटल्यावर लगेच, शाळेच्याच मैदानावर घेतला तर प्रशिक्षिकाही वेळेत घरी पोहोचते आणि मुलीही. तिचं लहान मूल सोबत आणायला कोणी नाक मुरडू नये, इतकं जरी केलं तरी खूप झालं.

मोठे संघही सोपवा. महिला प्रशिक्षक म्हणजे फक्त लहान मुलींचा गट किंवा 'संघासोबत जाणाऱ्या मॅडम' असं करून ठेवू नका. नाहीतर ती वर्षानुवर्षं बॅगा मोजत बसेल आणि डावपेच दुसरंच कोणी ठरवेल.

आणि टेनिस? तेही अशक्य नाही. मुलांसाठीच्या टेनिसमध्ये लाल, नारिंगी आणि हिरवे चेंडू असतात. लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के हळू, नारिंगी ५० टक्के आणि हिरवा २५ टक्के. २०१२ पासून दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धा याच चेंडूंवर होतात. लाल चेंडूसाठीचं कोर्ट साधारण ११ मीटर लांब, म्हणजे खो-खोच्या एका मैदानावर अशी दोन कोर्टं सहज बसतात. नेट म्हणून दोरी चालते. खो-खो खेळलेल्या मुलीकडे झटकन दिशा बदलणारे पाय असतात आणि मुलांना सांभाळायची सवय असते. 'प्ले टेनिस'सारखा सुरुवातीचा कोर्स केला तर ती लहान मुलांना टेनिसची ओळख नक्की करून देऊ शकते. शेजारच्या सोलापुरात महिलांच्या आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा भरल्या आहेत, त्यामुळे हा खेळ वाटतो तितका लांब राहिलेला नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुलगी राष्ट्रीय पातळीवर खेळलेली नसेल तर ती प्रशिक्षक होऊ शकते का?
लहान गटांना शिकवण्यासाठी राष्ट्रीय पदक लागत नाही. खेळाची समज, संयम आणि योग्य प्रशिक्षण लागतं. काही सरकारी पदांसाठी आणि डिप्लोमासाठी मात्र कामगिरीची अट असते.

मुलांच्या संघाला महिला प्रशिक्षक चालेल का?
मरे-मोरेस्मो आणि कुसाळे-देशपांडे या जोड्या तुमच्या समोर आहेत.

महिला प्रशिक्षक वाढल्या तर सध्याच्या सरांचं काय?
खेळायला येणाऱ्या मुली टिकल्या तर गट वाढतात, संघ वाढतात आणि कामही वाढतं. शिवाय पुढची प्रशिक्षिका तयार करायचं काम आज सरांनाच करायचं आहे.

पालक म्हणून मी काय करू?
मुलगी खेळायची थांबली की तिची प्रमाणपत्रं पेटीत टाकू नका. 'आता पुढे शिकवणार का?' असं तिला एकदा विचारा. लग्न ठरवताना तिच्या शिक्षणाबद्दल आणि नोकरीबद्दल बोलता, तसं तिच्या मैदानाबद्दलही बोला.

२०१६ मध्ये सारिका काळे खेळ सोडायला निघाली होती, तेव्हा कोणीतरी तिला परत बोलावलं. ती परत आली आणि चार वर्षांनी अर्जुन पुरस्कार धाराशिवला आला. तुमच्या गावातही मैदान सोडून घरी बसलेली एखादी चांगली खेळाडू असेल. तिला परत बोलवा, या वेळी शिकवायला.